राडारोड्याची खडी आरसीसीत वापरावी का?

पायाभरणी:
पाडलेल्या काँक्रीटची खडी सगळीकडे भरावात गाडली जाते, याचं वाईट वाटतं. माझ्या मते स्लॅब-तुळयांच्या काँक्रीटमध्येही जाड खडीच्या 20 टक्क्यांपर्यंत ती बिनधास्त चालते. फक्त पाडायच्या आधी दारं-खिडक्या, पीओपीचं छत, वायरी, फरशा उतरवून घ्या. मग जॉ क्रशर (तुकडे फोडायचं यंत्र), सळईसाठी चुंबक, शेवटी 20 आणि 10 मिमीच्या चाळण्या.

खडीचाळण:
'बिनधास्त' पटलं नाही. या खडीचा एक दाणा हातात घेऊन बघा: एका अंगाला टणक दगड, दुसऱ्या अंगाला नखाने खरवडलं तरी भुगा पडणारा जुना सिमेंट-वाळूचा मसाला. साधी खडी 1-2 टक्के पाणी शोषते, ही 4 ते 8 टक्के. कोरडी टाकली की मिक्समधलं पाणी पिते, स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) कमी होतो, मग साइटवर कोणीतरी पाइप लावून पाणी वाढवतो आणि ताकद जाते. वर पीओपीतलं सल्फेट सिमेंटशी मिळून फुगतं. तडे दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. छत उतरवलं तरी भिंतीवरचं पीओपी राहतंच की.

पायाभरणी:
खडी आदल्या दिवशी भिजवा, निथळू द्या, ओलावा मोजून मगच मिक्सचं पाणी ठरवा. 5 मिमीखालचा चुरा काँक्रीटला घ्यायचाच नाही. पीओपीची पूड बहुतेक त्यातच उतरते.

गाळपेर:
खडीवर एवढी चर्चा, पण तळघराच्या खोदाईतली माती? जमिनीतली 100 घनमीटर माती डंपरमध्ये 120-130 भरते, म्हणजे फेऱ्याही तेवढ्याच वाढतात. वरचा 15-30 सेंमीचा सुपीक थर वेगळा काढा. ढीग 2 मीटरच्या आत ठेवा, नाहीतर आत हवा पोचत नाही. मुरूम थेट भरावाला. फुगणाऱ्या चिकणमातीत वजनाच्या 4-6 टक्के चुना मिसळा, दिवसभर मुरू द्या, मग 15-20 सेंमीच्या थरांनी रोलर फिरवा. ही माती फेकण्याची गरजच नाही.

खडीचाळण:
चुन्याआधी सल्फेट तपासा. तुमच्या मातीच्या ढिगावर कोणी पाडकामाचा चुरा ओतला असेल, तर चुना घातल्यावर तीच माती उलट फुगते आणि वरचा रस्ता उचलते. माती आणि राडारोड्याचे ढीग पहिल्या दिवसापासून लांब हवेत.

पायाभरणी:
मान्य. 'बिनधास्त' मागे घेतो. प्रत्येक लॉटची सल्फेट आणि पाणीशोषण चाचणी झाली, तर 20 टक्के.

खडीचाळण:
तरीही खांबांना माझा नकारच. पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) आणि पेव्हर ब्लॉकला खुशाल वापरा.