मॉर्फिनची गोळी तालुक्याच्या दवाखान्यात का मिळू नये?

पंचवटीकर:
मामांचा कॅन्सर हाडात उतरला होता. सुरगाण्याकडच्या घरी रात्री उशी दातांत धरून कण्हायचे, नातवंडं जागी होऊ नयेत म्हणून. मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र वेदना शमवणाऱ्या, गोळ्या संपल्या की मी नाशिकहून पोचवायचो. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलला. मॉर्फिनसह सहा औषधांसाठी आता दवाखान्याला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते, पूर्वीसारखे चार-पाच परवाने लागत नाहीत. मग ही गोळी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठेवायलाच हवी.

मेडिकलवाला:
मामांचं वाचून वाईट वाटलं, पण माझा विरोध आहे. मालेगावात नशेसाठी खाल्ल्या जाणाऱ्या कुत्ता गोळीने किती पोरं वाया गेली, ते आम्ही दुकानदारांनी पाहिलंय. खोट्या चिठ्ठ्या रोज येतात. अमेरिकेत ऑक्सिकोडोन या मॉर्फिनसारख्याच वेदनाशामक गोळीच्या व्यसनाने घरंच्या घरं बसली. पेशंट गेल्यावर उरलेल्या गोळ्या कुणाच्या हाती लागतात?

पंचवटीकर:
दादा, दुकानात ठेवा असं मी म्हणतच नाही. दवाखान्यातून, रजिस्टरवर सही घेऊन, मोजून द्यायची आणि उरलेली परत घ्यायची. अमेरिकेत साध्या पाठदुखीलाही वर्षानुवर्षं लिहून दिली, म्हणून ते घडलं. आणि ज्यापासून मॉर्फिन बनतं ती अफू तर आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानात, सरकारी परवान्याने पिकते!

सिस्टर_सिडको:
मला दोघांचंही पटत नाही. भीती नशेची नाही, अर्धवट माहितीची आहे. एका आजींना मॉर्फिन दिलं, सोबत पोट साफ व्हायचं औषध दिलंच नाही. आठ दिवस शौचाला नाही. आजींनी गोळीच टाकून दिली. साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो. तरी घरचे "फारच दुखलं तर द्या" म्हणून रात्रभर थांबतात, कारण मॉर्फिन म्हणजे शेवट असं कुणीतरी सांगितलेलं असतं. असाध्य आजारात वेदना कमी करण्याच्या सेवेचं (पॅलिएटिव्ह केअर) केरळचं धोरण २००८चं, आपल्या महाराष्ट्राचं २०१२चं. केरळात पंचायतीमार्फत नर्स घरी जाते. आधी ती नर्स द्या, मग गोळी.

मेडिकलवाला:
सिस्टर म्हणतात तशी नर्स घरी जात असेल, गोळ्या तीच मोजत असेल, तर माझी हरकत निम्मी उरते. नुसत्या रजिस्टरवर माझा विश्वास नाही.

पंचवटीकर:
सिस्टर, नर्स हवीच. पण "आधी" म्हणू नका, दोन्ही एकदम मागू या. मामांच्या शेवटच्या आठवड्यात पावसाने रस्ता बंद होता. तीन रात्री घरात एकही गोळी नव्हती. मामी फक्त पाय चेपत बसली होती.