आईच्या जठराला पीळ बसलाय, वय ८३, काय करावं?

कोथरूडकर_७१: आईला दमा आहे, हार्टचं पंपिंग ३५ टक्के. परवा रात्री छातीखाली जाम दुखायला लागलं, नुसते उमासे येत होते पण बाहेर काहीच पडेना, आम्ही हार्टचंच समजून पळालो तर ईसीजी बरा निघाला आणि सीटीत दिसलं की हायटस हर्नियातून, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याच्या मोठ्या झालेल्या भोकातून, जठर छातीत सरकून पीळ बसलाय. नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं, आता शांत आहे. सर्जन म्हणाले पूर्ण रिपेअर झेपणार नाही, एंडोस्कोपीने पीळ सोडवून पेग ट्यूब (पोटाच्या कातडीतून थेट जठरात जाणारी नळी) टाकू. म्हणजे आता तोंडाने खाणं बंदच का?

सासरेबुवांची_सून: अहो नाही! मीपण हेच समजून रडले होते. आमच्याकडे दोन ट्यूब टाकल्या, पण त्या जेवण भरायला नव्हत्याच, बाबा मऊ भात तोंडानेच खायचे. वैताग एकच, ट्यूबच्या कडेने पाझरायचं आणि कातडी लाल व्हायची, ड्रेसिंग आधी नीट शिकून घ्या.

डॉ_रात्रपाळी: दुर्बीण तोंडातून ड्युओडेनमपर्यंत (जठरानंतर लगेच सुरू होणारं लहान आतडं) नेऊन फिरवतात, तसं जठर सरळ होतं. मग ट्यूबने ते पोटाच्या पुढच्या भिंतीला अडकवतात, हलकी गुंगी आणि तेवढ्या जागेपुरती भूल पुरते. दोन ट्यूब अशासाठी की एका खिळ्यावरचं कॅलेंडर गोल फिरतं, दोन खिळ्यांवरचं नाही. हर्निया मात्र तसाच राहतो, त्यामुळे त्रास परत होऊ शकतो. आणि हे सगळं जठराचा रक्तपुरवठा शाबूत असेल तरच! भाग काळा पडला असेल तर ऑपरेशनच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच सांगा.

नागपुरी_संत्रं: लॅप्रोस्कोपीने, पोटाला छोटी भोकं पाडून, टाके घालूनही अडकवतात ना, ट्यूबची कटकटच नको. ते का नाही विचारत?

डॉ_रात्रपाळी: विचारा की. जठर छातीत घट्ट अडकलं असेल, नुसत्या दुर्बिणीने खाली येत नसेल तर तोच रस्ता. पण त्याला पूर्ण भूल लागते, ३५ टक्के पंपिंग आणि दमा, भूलतज्ज्ञ काय म्हणतात ते आधी ऐका.

कोथरूडकर_७१: भूलतज्ज्ञ नको म्हणालेत, उद्या सकाळी एंडोस्कोपी. गोळी चालू होती, आत्ताच सिस्टरना सांगितलं, त्यांच्या कागदावर नव्हतीच!! आई चहा मागतेय, नाकात नळी असून.