मदत हवी आहे: सीओपीडीला (फुफ्फुसांचा जुनाट आजार) 'कमी ऑक्सिजन'चा उपचार कोणी घेतलाय का?

नमस्कार मंडळी. आमचे आप्पा, वय ६८. चोपड्याकडे जिनिंगमध्ये तीस वर्षं कापसाची धूळ खाल्ली, आता सीओपीडी. इनहेलर चालू आहे, बोटावरचं यंत्र रक्तातला ऑक्सिजन ९१-९२ टक्के दाखवतं.

भाचा म्हणतो, मास्कमधून काही मिनिटं १२-१५ टक्के ऑक्सिजनची हवा, मग साधी २१ टक्क्यांची, असं आलटून-पालटून देतात. शरीर सरावतं, चालताना दम कमी लागतो. मला तर उलटंच वाटतं. आधीच कमी, त्यात अजून कमी?

शेजारचे काका म्हणतात, तोरणमाळला उंच डोंगरावर आठवडाभर न्या, तेच होईल. (अहो, तिथेही २१ टक्केच, फक्त हवेचा दाब थोडा कमी!)

जळगाव, धुळे, नाशिककडे छातीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कोणी हे घेतलंय का? घरी करणार नाही.