आल्याचा ठसका असलेलं व्होडका कॉकटेल घरी कसं करायचं? (बेळगाव)

तिसरं_गेट

नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी आम्ही कॉलेजातले सहा जण खानापूर रोडला एका मित्राच्या शेतघरावर जमतोय. इतक्या वर्षांनी सगळे एकत्र येतायत, त्यामुळे मनापासून काहीतरी चांगलं करायची इच्छा आहे. चौघं घेतात, दोघी घेत नाहीत. सगळे मुक्कामाला आहेत, रात्री कुणी गाडी काढणार नाही. पावसाचे दिवस आहेत म्हणून आल्याचं काहीतरी करावं असं डोक्यात आहे. व्होडका, आलं, लिंबू, सोडा, म्हणजे मॉस्को म्यूल म्हणतात तसलं.

गेल्या आठवड्यात एकदा करून पाहिलं. आलं किसून साखरेच्या पाण्यात अर्धा तास उकळलं, गाळलं आणि व्होडकात घातलं. सर्दीचा काढा झाला. गोड आहे, वास आहे, पण घशाशी जो ठसका बसायला हवा तो कुठेच नाही. यात मुळात जिंजर बिअर (आल्याचं फसफसतं पेय) घालतात, पण मी विचारलं त्या दोन दुकानांत ती नव्हती, जिंजर एल मिळालं, ते तर नुसतंच गोड सोड्यासारखं लागलं. ठसका यावा म्हणून सुंठ घालू का? शिवाय आईकडे तांब्याचे सहा जुने पेले आहेत. फोटोत हे पेय तांब्याच्या मगातच दिसतं, तर ते वापरावेत असं फार वाटतंय. चोर्ल्याहून एक जण येतोय, त्याला गोव्याची बाटली आणायला सांगू का, हेही विचारायचं होतं.

काउंटरमागे_आठ_वर्षं

ताई, आधी उकळणं बंद करा. गोव्यात हॉटेलात आठ वर्षं हेच करत होतो, त्यामुळे खात्रीनं सांगतो. ताज्या आल्याचा झणका असतो तो जिंजरॉलचा. आलं शिजलं की त्याचं झिंजेरोन होतं, आणि ते सौम्य, गोडसर असतं. तुम्ही अर्धा तास उकळून तेच केलंत. चहात ते छान लागतं, इथे मार खातं.

कच्चा रस काढायचा. आलं धुवून सालासकट बारीक किसणीवर किसा आणि जुन्या धुतलेल्या मलमलीत बांधून पिळा. रस वाटीत वीसेक मिनिटं हलवू नका. तळाला पांढरा थर बसेल, बोट लावून बघा, कॉर्नफ्लॉवरसारखा लागतो. तो आल्यातला स्टार्च. वरचा पिवळा रस अलगद ओतून घ्या आणि थर टाकून द्या, नाहीतर पेय गढूळ दिसतं आणि जिभेवर पीठ आल्यासारखं होतं. आता रसाच्या वजनाइतकी साखर घालून थंडच ढवळा. गॅसवर अजिबात ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटं अधूनमधून हलवलं की साखर विरघळते. पिठीसाखर नको, बऱ्याचदा तिच्यात मक्याचं पीठ असतं.

एका ग्लासाला ४५ मिली व्होडका, १५ मिली लिंबाचा रस, २० मिली हा पाक. ग्लास बर्फानं काठोकाठ भरायचा, हे तिन्ही घालून चमच्यानं एकदा खालून वर हलवायचं आणि मग १०० मिली गारेगार सोडा कडेनं सोडायचा. सोडा घातल्यावर ढवळायचं नाही. बर्फ कमी घातला तर तो लवकर विरघळतो आणि पेय पाणचट होतं, म्हणून बर्फात काटकसर नको.

तुमचा हिशोब असा. चौघांना दोन-दोन म्हणजे आठ ग्लास, त्याला ३६० मिली व्होडका. ३७५ ची हाफ बाटली पुरते, जास्त आणूच नका. दोघींचे बिनव्होडकाचे चार ग्लास धरून एकूण बारा. पाक २४० मिली लागेल, म्हणजे दीडशे मिली रस आणि दीडशे ग्रॅम साखर. हातानं पिळून तेवढा रस निघायला चारशे ग्रॅम आलं घ्या. लिंबं बारा-पंधरा, आकार बघून. सोडा सव्वा लिटर.

शुंठी_की_सुंठ

सुंठीबद्दल मी सांगतो. रविवार पेठेत किंवा भाजी मार्केटात कानडी दुकानदाराला ‘सुंठ’ म्हटलं की तो ‘शुंठी’ ऐकतो आणि ओलं आलं देतो. कानडीत ओल्याला हसी शुंठी आणि वाळलेल्याला ओण शुंठी. मी स्वतः एकदा पाव किलो सुंठ मागून पाव किलो आलं घेऊन घरी आलो होतो. सुंठच हवी असेल तर ‘ओण शुंठी’ म्हणा.

खरं, या पेयात सुंठ नको. वाळताना जिंजरॉलचं शोगाओल होतंय, ते जास्त तिखट असतंय हे खरं आहे. पण सुंठीची पूड सोड्यात विरघळत नाही, तळाला गाळ बसतोय आणि वास गूळपापडीचा येतोय. लिंबाबरोबर जो ताजा वास पाहिजे तो त्यात नाही. मी दोनदा करून बघितलो, दोन्ही वेळा ओतून टाकलो. ठसका कमी वाटला तर पाक २० ऐवजी २५ मिली घाला, बस्स.

आल्याचा_मळा

आलं कसलं घ्यायचं ते कुणीच लिहिलं नाही, म्हणून आम्ही लावतो त्या अनुभवावरून लिहितो. लागण एप्रिल-मेमध्ये होते आणि पीक निघतं डिसेंबरपासून पुढे. नव्या आल्याची साल पातळ असते, नखानं निघते, रस भरपूर पण तिखटपणा कमी. आत्ता पावसाळ्यात बाजारात मिळतं ते बहुतेक गेल्या हंगामाचं, मुरलेलं जुनं आलं. रेषा जास्त, रस कमी, आणि तिखट भरपूर. तुम्हाला ठसका पाहिजे, तर हेच बरोबर आहे. रस कमी निघणार म्हणून चारशेऐवजी अर्धा किलो घ्या.

घेताना एक बोट मोडून बघा. कटकन मोडलं पाहिजे आणि मोडलेल्या जागी ओल चमकली पाहिजे. वाकलं तर ते सुकलेलं आहे. सांध्यात निळसर-हिरवी बुरशी नाही ना, तेही बघा, कारण तुम्ही सालासकट किसणार आहात. सातारी आलं मिळालं तर सोडू नका. तिकडे माहीम जात जास्त असते, तिला वास चांगला आहे.

लिंबं विजापूर-इंडीकडची येतात ती घ्या, पातळ सालीची. पिळण्याआधी ओट्यावर तळहाताखाली घोळवली की रस सुटतो.

खानापूरची_काकी

बाळा, तांब्याचे पेले आईचे आहेत म्हणतेस, तर आधी आत बघ. आतून पांढरी कल्हई आहे की लाल तांबंच दिसतंय? लाल दिसत असेल तर लिंबू त्यात घालू नकोस. आमच्या सासूबाई ताक, चिंच, कोकम, लिंबू, काहीही आंबट बिनकल्हईच्या भांड्यात घालू देत नसत. कळकतं म्हणायच्या. आंबटानं तांबं सुटतं आणि पोटात जातं, मळमळतं, ओकारी होते. ही काही जुन्या बायकांची समजूत नव्हे. अमेरिकेच्या अन्नसुरक्षेच्या नियमातही पीएच ६ च्या खालचा आंबट पदार्थ उघड्या तांब्याला लागू द्यायचा नाही असं आहे, आणि लिंबाचा रस तर २ ते ३ च्या आसपास असतो. ते फोटोतले चांगले मग असतात त्यांना आतून स्टीलचा नाहीतर निकेलचा थर असतो.

पेले वापरायची इतकी हौस आहे तर कल्हई करून घे. पूर्वी आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून कोळसे पेटवायचा, हातानं भाता ओढायचा, भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा. पांढरा धूर उठायचा आणि त्याचा वास नाकात चढायचा. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं गर्रकन फिरवायची. लाल भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं. आम्ही पोरं शाळा विसरून बघत बसायचो. आता दारावर कुणी येत नाही, पण तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानात विचार, करणारा माणूस कोण ते त्यांना ठाऊक असतं. शनिवारपर्यंत जमलं नाही तर काचेचे ग्लास घे. आईचे पेले पाण्याला ठेव.

तिसरं_गेट

काकी, आत्ता उठून बघितलं. सहाच्या सहा आतून लालच आहेत. बरं झालं विचारलं. काचेचेच घेते, आणि पेले घेऊन पुढच्या महिन्यात कल्हईवाल्याला शोधते.

दादा, साखरेऐवजी गूळ चालेल का? आणि जिंजर बिअर घरीच आंबवून करतात असं वाचलंय, ते आठवड्यात जमेल?

निपाणी_ते_बेळगाव

गुळाचं मी सांगते, आमच्याकडे गुऱ्हाळ आहे. पूर्ण गूळ घातला तर गुळाचीच चव वर येते आणि रंग मातकट होतो. साखर दोन भाग आणि काकवी एक भाग करून बघा. काकवी पातळ असते, न उकळता मिसळते, आणि तिचा किंचित खारट-खमंगपणा आल्याला फार शोभतो. व्होडकाला स्वतःची चव फारशी नसते, त्यामुळे काकवी तिच्यावर चढून बसते, म्हणून एकाच भागावर थांबा. रम असती तर मी पूर्ण काकवीच सांगितली असती.

दोघींच्या ग्लासात व्होडकाच्या जागी थोडा जास्त सोडा, चिमूटभर काळं मीठ आणि दोन थेंब कोकम आगळ. त्यांना ‘तुमच्यासाठी नुसतं सरबत’ असं वाटायला नको, त्यांचाही ग्लास तेवढ्याच मनानं भरा.

काउंटरमागे_आठ_वर्षं

आंबवलेली जिंजर बिअर शनिवारपर्यंत नको. किसलेलं आलं, साखर, पाणी, रोज एकेक चमचा वाढवत पाच-सात दिवस नुसतं विरजण तयार व्हायलाच जातात. मग बाटलीत भरून आणखी दोन-तीन दिवस. पावसाच्या गारव्यात त्याहून जास्त. आणि घाई करू नये असं मी सांगतोय त्याला कारण आहे. एका एप्रिलमध्ये मी काचेच्या बाटल्या भरून कपाटात ठेवल्या आणि दोन दिवस उघडून बघितल्या नाहीत. रात्री एक फुटली. काच दाराच्या फळीत रुतली होती. दिवसा फुटली असती तर समोर माझी मुलगी खेळत असते. आतला वायू किती झालाय ते काच सांगत नाही. तेव्हापासून मी सोड्याच्या प्लास्टिक बाटलीतच भरतो. दाबून कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. पुढे कधी करणार असाल तर एवढं पाळा. आणि हो, आंबवलेल्यात थोडं मद्य तयार होतंच, ते न घेणाऱ्या दोघींना देऊ नका.

तुमच्या पेयाला सोडा आणि कच्चा रस पुरेसा आहे. नावात मॉस्को असलं तरी हे पेय रशियातलं नाही, अमेरिकेतलं आहे. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला स्मिर्नॉफ विकणाऱ्या जॉन मार्टिनला तिथे व्होडका खपवायची होती, आणि लॉस एंजेलिसच्या कॉक अँड बुलवाल्या जॅक मॉर्गनकडे त्याची स्वतःची जिंजर बिअर पडून होती, अशी त्याची गोष्ट सांगतात. म्यूल म्हणजे खेचर, लाथ मारणारं. ती लाथ आल्याची. म्हणून तुमच्या काढ्यात ठसका नव्हता तेव्हा ते म्यूल झालंच नव्हतं.

चोर्ला_घाट

गोव्याची बाटली सांगू नका. गोव्यात स्वस्त असते हे खरं, पण ती गोव्यातच विकायची असते, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. परवान्याशिवाय कर्नाटकात आणणं गुन्हा आहे आणि घाट चढून आल्यावर नाक्यावर तपासणी असते. माझ्या ओळखीच्या एकाची गाडी दिवसभर अडकली, सोबत लहान मुलं होती. एका हाफ बाटलीसाठी मित्राला त्यात ढकलू नका. इथल्याच दुकानातून घ्या, साधी मधल्या किमतीची. इतक्या आल्या-लिंबात महागडी कुणाला ओळखू येत नाही.

आणि शेतघरावर पावसात लाईट जाणार, हे धरून चाला. बर्फ आदल्या रात्री मोठ्या स्टीलच्या डब्यांत जमवा, छोटे खडे करू नका. डबे जाड गोणपाटात गुंडाळून लाकडाच्या भुशात ठेवले की संध्याकाळपर्यंत टिकतात. ऐनवेळी फडक्यात घेऊन वरवंट्यानं फोडा.

तिसरं_गेट

रविवार दुपार. आत्ताच घरी आले, सगळ्यांना सांगायचं म्हणून आधी इथे लिहितेय.

अर्धा किलो आलं आणलं, मोडून बघून. रस १६० मिली निघाला. पांढरा थर खरंच बसला, वाटीच्या तळाला खडूसारखा. काकवी एक भाग घातली. शुक्रवारी रात्री पाक चाखला तेव्हा इतका तिखट होता की भीती वाटली, पण शनिवारी सोडा-बर्फात तो बरोबर जागेवर आला. आधी लिंबाचा वास, मग गारवा, आणि घोट गिळल्यावर मागून ठसका. पहिल्याच घोटाला एक जण थांबला आणि म्हणाला, ‘आलं आहे की यात!’ साडेसातला लाईट गेली, दहाला आली. बर्फ पुरला. कोकम-काळ्या मिठाच्या ग्लासावर दोघींबरोबर आणखी दोघं वळले, त्यामुळे व्होडका थोडी उरली.

एकच प्रश्न राहिलाय. पिळून उरलेला आल्याचा चोथा वाटीभर फ्रिजमध्ये आहे, टाकवत नाही. चहात घालू का?

खानापूरची_काकी

घाल की. फक्त दुधात थेट घालू नकोस, कच्च्या आल्यानं दूध फाटतं. आधी पाण्यात चांगलं उकळू दे, चहापत्ती घाल आणि मग दूध. उरेल तो ताटात पसरून वाळव, थंडीत कामाला येईल.