शाळा बघून गाव निवडताना

'टॅक्स जास्त, पण प्रिन्स्टन जंक्शनला घर घेतलं की न्यूयॉर्कची गाडी दाराशी आणि मुलांची काळजी मिटली' असं न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या आपल्या लोकांना नेहमी सांगितलं जातं. टॅक्सचं, म्हणजे घरपट्टीचं, पटतं, त्यातला मोठा वाटा शाळांनाच जातो. काळजी मिटण्याचं मात्र अजिबात पटत नाही. प्रिन्स्टन जंक्शन ज्यात येतं त्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो भागातल्या सरकारी शाळांचे सुपरिंटेंडंट, म्हणजे प्रमुख, डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी २०१५ साली पालकांना १६ पानी पत्र लिहिलं होतं. आदल्या शैक्षणिक वर्षात १२० मुलांना मानसिक आरोग्याची तपासणी करून घ्यायला सांगावं लागलं होतं, ४० जणांना इस्पितळात दाखल करावं लागलं होतं. मग हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठाला सुट्टी मिळाली, चौथी-पाचवीचं प्रगत गणित गेलं. त्यावरून पालकांत उभी फूट पडली आणि विरोध करणाऱ्यांत आपल्यासारखे आशियाई पालक बरेच होते. त्यांची धास्ती मला कळते. परीक्षांच्या जोरावरच तर आपण इथवर आलो.

आमच्याकडे नवरा गाडीने घरी पोचेपर्यंत पावणेआठ होतात. तेव्हा सातवीतली लेक जेवणाच्या टेबलावर शाळेचा गृहपाठ संपवून क्लासच्या गणितांना लागलेली असते, ताट ठेवायला वह्या सरकवाव्या लागतात. तिच्या बहुतेक मैत्रिणींकडेही हेच. घर बघायला याल तेव्हा शाळेच्या रँकिंगसोबत तिथल्या दहावीतल्या एखाद्या मुलाच्या आईला जरूर विचारा, तो रात्री किती वाजता झोपतो.