दिवाळीनंतर सुया हाती घेतल्या तर संक्रांतीपर्यंत किती विणून होईल?

गिरणाकाठ: नमस्कार. यंदा घरच्यांना हातची विणलेली भेट द्यायची आहे. सासरे (रावेरला केळीचा मळा, रात्री लाईट आली की पाणी भरायला जातात), मोटारसायकलवर फिरणारे दोन दीर, नवापूरची मैत्रीण (तिला नाताळला), नणंदेचं येणारं बाळ आणि नवऱ्याला हाफ स्वेटर. सुलट-उलट येतं, टोपी कधी विणली नाही. रोज तासभर मिळतो. लोकर किती आणू?

सुलट_उलट: ताई, नग मोजू नका, टाके मोजा. मध्यम जाडीची लोकर ८ नंबर सुईवर साधारण १० सेंमीत २२ टाके देते. सवयीच्या हाताला मिनिटाला २० टाके धरा.

१८ सेंमी रुंद, दीड मीटर लांब मफलर सगळ्या ओळी सुलट विणला तर जवळपास २४,००० टाके, म्हणजे २० तास. कानटोपी ७ तास. हाफ स्वेटर ३० तासांच्या खाली होत नाही. तुमच्याकडे पाहुणे-रावळे वजा जाता ५० तास उरतील. स्वेटर पुढच्या वर्षी!

दिरांना मफलर नको, लोंबतं टोक चाकात जातं. गळ्यात बसेल अशी ६० सेंमी घेराची, २० सेंमी उंच गळपट्टी करा. ६ तासांत होते. मफलर फक्त मैत्रिणीला, आणि तोच आधी घ्या, कारण नाताळ संक्रांतीच्या तीन आठवडे आधी येतो. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा साधा विणू नका, कडा गुंडाळून नळी होते.

लोकर: मफलर २०० ग्रॅम, कानटोपी १००, गळपट्टी ८० प्रत्येकी, बाळाचं ५०. एका वस्तूची लोकर एकाच लॉटची (एकाच वेळी रंगवलेली) घ्या, लेबलवरचा नंबर पाहून. नंतर आणलेला गुंडा दुकानात सारखा दिसतो, उन्हात पट्टा उठून दिसतो.

धुळ्याची_थंडी: सासऱ्यांची कानटोपी सांगते. ११० टाके, दोन सुलट दोन उलट, शेवटी दोन सुलट. टाके दोन सुया एकत्र धरून घाला, मग एक काढून घ्या. बहुतेक टोप्या कपाळावर अडतात त्या आवळून घातलेल्या पहिल्या ओळीमुळे. २५ सेंमी झाल्यावर सुलट बाजूने प्रत्येक उलट जोडी एकत्र विणा: ८३ उरतील. तीन ओळी टाके न घटवता तशाच विणा. मग सुलट जोड्या एकत्र: ५५. पुन्हा तीन ओळी, मग सगळे दोन-दोन एकत्र: २८. अर्धा मीटर दोरा ठेवून कापा, टाक्यांतून ओवून आवळा आणि त्याच दोऱ्याने शिवण घाला. खालचे ६ सेंमी मात्र उलट्या बाजूने शिवा. ते दुमडून कानावर येतात, नाहीतर शिवण वर दिसते.

सुयांचे नंबर बघून घ्या. आपल्याकडे ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., १० नंबर ३.२५, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन नमुन्यात उलटं. तिथला ८ म्हणजे ५ मि.मी. व्हिडिओ बघून विणलेलं पोत्यासारखं होतं ते यामुळेच.

बाळंतविडा: बाळाच्या टोपीला ८० टाके पुरे. गोंडा, मणी, गळ्याशी नाडी काही नको. मोज्यात रंगीत नक्षी केली तर आतल्या लोंबत्या दोऱ्यांत बोटं अडकतात, म्हणून एकरंगी.

गिरणाकाठ: स्वेटर रद्द. दुकानदार सगळंच ‘प्युअर वूल’ म्हणतो, ओळखायचं कसं?

धुळ्याची_थंडी: तुकडा जाळून पाहा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक गोळी होते. मळ्यात वापरायला अ‍ॅक्रिलिकच बरं, घरी कसंही धुतलं तरी चालतं. फक्त इस्त्री टेकवू नका, वीण चपटी होऊन चकाकते ती कायमची. खरी लोकर दिलीत तर गार पाण्यात, न चोळता धुवायची चिठ्ठी सोबत ठेवा.