गृहविज्ञान महाविद्यालयांनी बायकांना पुढे नेलं की अडवलं?

खाडीकाठ, ठाणे
भाचीला बारावीनंतर गृहविज्ञानाला जायचंय आणि घरात एकच सूर, "स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला?" मला हे ऐकवत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा इतिहास बघा. १९०० साली मार्था व्हॅन रेन्सेलेअर यांनी शेतकऱ्यांच्या बायकांसाठी टपालाने पाठ पाठवायला सुरुवात केली. १९०७ मध्ये शेतकी महाविद्यालयात गृहविज्ञानाचा विभाग निघाला, मार्थाबाईंच्या जोडीला फ्लोरा रोझ आल्या. बाईला प्राध्यापक करावं का, यावर तिथे चांगलीच वादावादी झाली आणि १९११ मध्ये दोघी प्राध्यापक झाल्या. १९२५ मध्ये स्वतंत्र महाविद्यालय. रसायनशास्त्राच्या विभागात बाईला नोकरी मिळणं मुश्कील होतं त्या काळात अन्नाचं रसायन शिकवायला तिला हक्काची जागा मिळाली, ती इथे.

ऐरोलीकर
जागा मिळाली, पण कोणत्या खोलीत? रसायनात हुशार असलेल्या बाईला "तुम्ही गृहविज्ञानाकडे जा" म्हणण्यात सोय विद्यापीठाचीच होती, पुरुषांचे विभाग जसेच्या तसे राहिले. आणि त्याच कॉर्नेलमध्ये १९१९ नंतर काही दशकं संस्थांमधली तान्ही बाळं आणून विद्यार्थिनींना संगोपनाच्या सरावासाठी देत. बाळाला आडनाव लावायचे 'डोमेकॉन', म्हणजे 'डोमेस्टिक इकॉनॉमी'चं लघुरूप. सांभाळणाऱ्या मुली पाळीपाळीने बदलायच्या, मग बाळ दत्तक जायचं. त्या लेकरांना कोणी विचारलं होतं? ज्या विषयाला बाळ हे प्रयोगाचं साहित्य वाटलं, त्याचे गोडवे माझ्याच्याने गाववत नाहीत.

खाडीकाठ, ठाणे
बाळांचं मान्य, त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्यावरून सगळा विषय निकालात काढू नका.

वाशीची मावशी
इतक्या लांब कशाला जाता? अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, मातृभाषेतून शिकवलं, अभ्यासात गृहजीवनशास्त्र आणि आरोग्य ठेवलं. त्या काळी मुलीला शाळेतही धाडायला घरं तयार नसत. बापाला पटेल असा विषय होता म्हणून कित्येकींनी पदवीचं तोंड पाहिलं.

ऐरोलीकर
मावशी, कर्व्यांबद्दल आदर आहेच. पण त्यांच्या आधी आगरकरांनी मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि तेही एकत्र द्या, असं ठणकावून लिहिलं होतं. बापाला पटेल तेवढंच शिकवायचं, तर बाप कधी बदलणार? पोषण, बालसंगोपन, घरखर्च हे मुलग्यांनाही सक्तीचं करा, मग मी पहिला टाळी वाजवीन.

वाशीची मावशी
मुलग्यांनाही शिकवा, याला माझा दुजोरा. पण तोवर मुलींचं बंद करू नका. माझ्या नणंदेची लेक गृहविज्ञान करून आज महाप्यात अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. तिच्या सहीशिवाय माल हलत नाही.

खाडीकाठ, ठाणे
हेच घरी वाचून दाखवतो. मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन १९५५ पासून चालू आहे, ठाण्याहून रोज जाण्यासारखं. तिथे जैवरसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे तास किती, हे भाचीला आधी विचारायला सांगितलंय. कोणाची मुलगी सध्या तिथे असेल तर कळवा.